ढोलकी म्हणजे धाकटा ढोलक नव्हे

लावणीच्या ठेक्यावर इलेक्ट्रॉनिक ट्रॅक बांधणारी सोलापुरातली पोरं माझ्याकडे मिक्सिंगला येतात, आणि दर दोन-तीन पोरांमागे एक जण तोच घोळ घेऊन येतो. फाइलचं नाव ‘ढोलकी’ आणि आत वाजतोय ढोलक. नाहीतर आत खरी ढोलकी असते, पण वापरलेली ढोलकासारखी. पहिल्या चुकीत गाणं नुसतं मिळमिळीत होतं. दुसरीत बेसूर होतं, आणि का ते कुणाला कळत नाही.

ढोलक तुम्ही ओळखता. लग्नात, भजनात, कव्वालीत ऐकलाय, दोऱ्या आणि कड्या पाहिल्यात. पुढे जाऊ.

नावाच्या घोळाला अर्धी जबाबदार हिंदी आहे. उत्तरेत बायका लग्नघरी जो लहान ढोलक घेऊन बसतात त्याला ‘ढोलकी’ म्हणतात. सॅम्पलचे, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सुट्या आवाजांचे, गठ्ठे बनवणारे तेच नाव उचलतात आणि आपण ते तमाशातली ढोलकी समजून उतरवून घेतो. आपल्या ढोलकीला जवळचं काही हवं असेल तर त्या गठ्ठ्यात ‘नाल’ नावाचा फोल्डर आहे का बघा. बहुतेक वेळा माल तिथे असतो.

आकार, लाकूड, नटबोल्ट की दोरी, हे सगळं किरकोळ. डाव्या बाजूला दोन्हींत आतून मसाल्याचा लेप असतो, दोन्हींत तळहात घासून घुमारा (घुमणारा जाड आवाज) वर-खाली करता येतो, आणि दोन्हींचा घुमारा तुमच्या किकशी, म्हणजे ट्रॅकच्या जाड ‘धप्’ ठोक्याशी, भांडतो. घुमाऱ्यातला सगळ्यात जाड आवाज थोडा कापा, भांडण मिटतं.

खरा फरक उजव्या पुडीवर, म्हणजे उजव्या तोंडाच्या कातड्यावर, आहे. ढोलकीच्या उजव्या पुडीला तबल्यासारखी काळी शाई असते. ढोलकाची ती पुडी कोरी असते. एवढंच. पण या एवढ्यावर सगळं अडतं.

कोऱ्या गोल कातड्यावर थाप मारली की मूळ कंपनासोबत त्याच्या १.५९, २.१४, २.३० पट अशी वेडीवाकडी कंपनं उठतात. कान त्यातून एक सूर पकडू शकत नाही, म्हणून नुसता ‘टक’ किंवा ‘टण’ ऐकू येतो. मधे शाईचं वजन आलं की हीच कंपनं जवळपास १, २, ३, ४, ५ अशा पटीत येतात, म्हणजे तारेसारखी, आणि कानाला स्वच्छ सूर मिळतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली मृदंग-तबल्यावर हेच दाखवून दिलं. आपल्या ढोलकीवाल्याला ते न वाचताच ठाऊक असतं, म्हणून तर बाई गायला लागायच्या आधी तो हातोडी नाहीतर पाना घेऊन तिच्या सुराला ढोलकी लावत बसतो.

तर ढोलक कुठल्याही पट्टीच्या गाण्यात टाका, खपून जातो. ढोलकीला पट्टी असते. लॅपटॉपवर बसलेला माणूस नेमकं हे विसरतो.

मागे एक पोरगा लावणीचं रिमिक्स घेऊन आला. “अण्णा, गायिका बेसूर लागतीय. ट्यूनिंग मारून बघितलो, तरी जमंना झालंय.” गायिकेचा ट्रॅक एकटा लावला. बाई चोख गात होती, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. मग ढोलकी एकटी लावली, टिपेच्या, म्हणजे उजव्या पुडीवरच्या, एका थापेवर सूर दाखवणारा ट्यूनर धरला. काटा काळी पाचवर जाऊन घट्ट बसला. म्हणजे बाई सा लावतेय आणि दर ठेक्याला ढोलकी तिच्या कानात शुद्ध रे म्हणतेय. ढोलकीच्या टिपेच्या थापा दोन सेमीटोन (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या) खाली आणल्या. “आली की सुरात!” म्हणाला. बाई होती तिथेच होती.

ही ट्यूनरची चाचणी फुकट आहे, दहा सेकंदांची आहे. काटा एका सुरावर ठरला तर शाईचं वाद्य. नुसता भिरभिरला तर बहुधा ढोलक.

एक मात्र सांगतो, सॅम्पल खाली-वर सरकवण्यालाही हद्द आहे. साध्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन सेमीटोन खाली आणलं की वेग सुमारे ११ टक्के उतरतो, थाप जाड आणि आळशी होते. इतकं चालतं. चार-पाच सेमीटोन वर नेलं की ढोलकीचं खेळणं होतं, आणि त्यावर रिव्हर्ब (कृत्रिम घुमणं) ओतून ते झाकता येत नाही. कृपा करून ओतू नका.

दुसरी गोची कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची. लावणीत सा हलत नाही, म्हणून ढोलकी सुखात असते. तुम्ही तिच्याखाली ए मायनर, एफ, सी, जी असं चक्र फिरवता. पांढरी सहाला, म्हणजे ए सुराला, लावलेली ढोलकी पहिल्या दोन कॉर्डमध्ये घरची, कारण ए त्यांच्यात आहेच, सीवर पाहुणी, आणि जी आला की जी आणि बीच्या मधोमध घुसून खरखरते. अशा वेळी थापेची आस (मागे रेंगाळणारा सूर) कापून आखूड करा. किंवा सरळ ढोलक वापरा, मला राग येणार नाही. फक्त त्याला ढोलकी म्हणू नका.

आणि हलगी? गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत इथे कानावर पडतेच. तिला शाई नाही, विस्तवावर तापवतात आणि वाजवतात. स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) जागी कुठल्याही पट्टीत बिनधास्त टाका. स्नेअरपेक्षा मला तीच आवडते.

माझं विचाराल तर मी गठ्ठे विकत घेणं सोडलंय. पुणे रस्त्याला मोडनिंब आहे, तिथल्या कला केंद्रांमुळे ढोलकीवाले या भागात दुर्मीळ नाहीत. वादकाला मानधन द्यायचं, गाण्याची पट्टी आधी सांगायची, तो ढोलकी लावून होईपर्यंत गप्प बसायचं. एकेक बोल हलका, मध्यम, जोरात, प्रत्येकी चार-पाच वेळा घ्यायचा, म्हणजे सलग वाजवताना शिलाई मशीनसारखा आवाज येत नाही. आणि फाइलला नाव देताना नुसतं ‘ढोलकी’ लिहायचं नाही, ‘ढोलकी काळी चार’ लिहायचं.