रिमांड होम ते बालसंगोपन: मागची गोष्ट

वडील गेले, आईची कमाई तुटपुंजी, म्हणून मुलाची रवानगी संस्थेत. हे टळावं, मूल घरीच वाढावं, यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. महिन्याला २२५० रुपये. इतकी साधी गोष्ट सुचायला सरकारला फार वर्षं लागली.

सुरुवात समाजातून झाली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेचं बाळ जन्मताच मारलं जाऊ नये, एवढी निकड होती. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं, तो पुढे डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपुरातही असाच आश्रय उभा राहिला. फुल्यांनी नुसतं छप्पर दिलं नाही, स्वतःचं घर दिलं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

सरकारच्या लेखी मात्र रस्त्यावरचं पोर म्हणजे उद्याचा चोर. मुंबईत १८५७ मध्ये निघालेल्या डेव्हिड ससून सुधारशाळेमागे तोच विचार होता. १९२४ च्या मुंबईच्या कायद्याने निराधार मुलांचीही दखल घेतली, पण चोरी करणारं आणि टाकून दिलेलं मूल लोकांच्या तोंडी एकाच ठिकाणी गेलं: रिमांड होम. कायद्याने पुढे नावं बदलली, गुन्ह्याचा आरोप असलेल्यांचं निरीक्षणगृह वेगळं, निराधारांचं बालगृह वेगळं. तरी 'रिमांड होममध्ये टाकीन' ही धमकी घराघरांत टिकून आहे.

तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये देशभरासाठी बाल न्याय कायदा आला. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्यात प्रतिपालन (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढवणं), प्रायोजकत्व (मुलाच्या संगोपनासाठी पैशांची मदत) हे मार्ग आले. संस्था हा शेवटचा पर्याय, हे तत्त्व २०१५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

पैशांचा हात मात्र आखडताच राहिला. बालसंगोपनाचे बरीच वर्षं महिना ४२५ रुपये मिळत, म्हणजे दिवसाला चौदा रुपये. कोविडने हजारो घरांतला कर्ता माणूस नेला, तेव्हा योजनेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. रक्कम आधी ११०० झाली, २०२३ मध्ये २२५०. पण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा आदेश झाल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत, आणि त्या आदेशासाठी माराव्या लागणाऱ्या प्रत्येक खेपेला मजुरी करणाऱ्या आईचा एक रोज बुडतो.