फ्रेमला फोटो देताना एमबी बघायचं की पिक्सेल?

आज्जाचं वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा घरात कुणाच्या तरी लक्षात आलं की सोप्यात पणजोबा, पणजी, थोरले आज्जा सगळे १२ बाय १५ च्या फ्रेममध्ये ओळीनं बसलेत आणि आमच्या आज्जाचा फोटोच नाही. म्हणजे फोटो आहेत, ढिगानं आहेत, पण सगळे मोबाईलमध्ये. त्यातला एक सगळ्यांना पटला, खानापूरला चुलतभावाच्या लग्नात खुर्चीवर बसलेले, डोक्याला फेटा, गालात पान. फॅमिली ग्रुपवर होताच, तिथनंच उचलला आणि बेळगावात खडेबाजारातल्या फोटो लॅबवाल्याच्या नंबरावर टाकला. अर्ध्या तासात त्याचा फोन.

"हे केबीत हाय की ओ, मोठं केलं की फुटतंय. एमबीतला आणा."

त्याचं काही चुकलं नव्हतं, गिऱ्हाईकाला दोन शब्दांत सांगायचं तर असंच सांगणार. पण मी ते शब्दशः घेतलं. एमबीतला पाहिजे ना, घे एमबीतला. प्ले स्टोअरवरनं एक अ‍ॅप उतरवलं, फोटो त्यात टाकला, दोन मिनिटं गोल गोल फिरलं आणि २१० केबीचा फोटो ७ एमबीचा होऊन बाहेर आला. लई भारी वाटलं. त्या ७ एमबीचं पुढं काय झालं ते सांगतो, पण आधी हे एमबी आणि पिक्सेलचं काय आहे ते बघू, कारण निम्मं गाव या दोन गोष्टी एकच धरून चालतंय.

पिक्सेल म्हणजे फोटोतले ठिपके, एवढंच. फोटो ३००० बाय ४००० आहे म्हणजे आडवे ३००० ठिपके, उभे ४०००, गुणाकार केला की १ कोटी २० लाख, यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. आणि एमबी म्हणजे ती फाईल मेमरीत किती जागा खाते ते, साधारण हजार केबीचा एक एमबी. पिक्सेल सांगतात पोत्यात दाणे किती, एमबी सांगतं पोत्याचं वजन किती. पोतं ओलं असलं की वजन वाढतं हे आमच्या भागात माल घालणाऱ्या कुणाला शिकवायला नको.

हे वजन कशानं कमीजास्त होतं ते तुमच्याच मोबाईलमध्ये बघा. पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर धुक्याचा फोटो काढा, सगळं पांढरं, फाईल होईल दीड-दोन एमबीची. तिथंच, त्याच मोबाईलनं, ऊन पडल्यावर झाडीचा काढा, पाच-सहा एमबी सहज. पिक्सेल दोन्हीकडं तेवढेच. कारण जेपेग, म्हणजे बहुतेक मोबाईल ज्या प्रकारच्या फाईलमध्ये फोटो साठवतात ती, फोटोचे बारीक बारीक चौकोन पाडते, आठ बाय आठ पिक्सेलचे, आणि प्रत्येक चौकोनात किती फरक आहे तेवढंच लिहून ठेवते, धुक्यात लिहायला काही नसतं आणि पानापानांच्या झाडीत लिहून संपत नाही. आयफोनवाल्यांचं अजून वेगळं, २०१७ पासून त्यांचा फोटो एचईआयसी नावाच्या फाईलमध्ये साठतो, तो तेवढेच पिक्सेल जवळपास निम्म्या जागेत बसवतो, म्हणून त्यांचा दीड एमबीचा फोटो बघून नाक मुरडू नका.

आणि याच्या बरोबर उलटं म्हणजे स्क्रीनशॉट. हा प्रकार घरोघरी चालतो, कुणाच्या तरी स्टेटसला फोटो दिसला की स्क्रीनशॉट मारायचा. स्क्रीनशॉट बऱ्याचदा पीएनजी फाईल असते, ती दोन-तीन एमबीची भरते, बघणाऱ्याला वाटतं वा, एमबीत आहे. पण स्क्रीनच १०८० पिक्सेल रुंद असेल तर त्यातला फोटो १०८० बाय १४४० च्या वर जाणारच कुठनं? म्हणजे ३ एमबीचा स्क्रीनशॉट फ्रेमला निरुपयोगी आणि दीड एमबीचा धुक्यातला फोटो भिंतभर छापता येतो. लॅबवाल्याचा "एमबीतला आणा" हा नियम दहातल्या सात-आठ वेळा चालत असेल, पण नडतो तेव्हा असा नडतो.

आता ग्रुपवरच्या फोटोचं काय होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून साधा पाठवला की त्याचे पिक्सेल पण कमी होतात आणि उरलेले वरनं दाबले पण जातात, दोन्ही. माझ्याकडं आलेला आज्जाचा फोटो १२०० बाय १६०० होता, मूळ ३००० बाय ४०००. मोबाईलवर मात्र दोन्ही सारखेच दिसतात, कारण स्क्रीनची रुंदीच १०८०, तिला १२०० म्हणजे पोटभर झालं, बाकीचे पिक्सेल दाखवायला जागाच नाही. माणूस म्हणतो की मोबाईलवर एवढा स्वच्छ दिसतोय आणि तुमच्याकडं कसा फुटतो? मी पण म्हटलो होतो. लॅबवाल्यानं मग कॉम्प्युटरवर आज्जाच्या फेट्याची कड मोठी करून दाखवली, कडेच्या बाजूनं सगळे चौकोनच चौकोन, रांगोळीवर कुणी पाय दिल्यागत.

किती पिक्सेल पुरतात हे मला सगळ्यात चांगलं कळलं ते वडगावच्या मामांमुळं, त्यांचं आयुष्य मागावर गेलं. मी पिक्सेल-इंच सांगायला लागलो तर ते म्हणाले, "अरे हे आमचंच की. इंचात धागे किती त्यावर पोत." बरोबर तेच. १२०० धागे आहेत, ते ६ इंचात बसवले तर इंचाला २००, पोत घट्ट. तेच १२ इंचात ताणले तर इंचाला १००, जाळी दिसायला लागते. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० धरतात, भिंतीवरच्या फ्रेमला २०० झाले तरी छान, १५० ला खुर्चीत बसून बघितलं तर चालून जातं, त्याच्या खाली मी तरी जाणार नाही. गणित एवढंच, फोटोची कमी असलेली बाजू घ्या, फ्रेमच्या छोट्या बाजूच्या इंचानं भागा. गॅलरीत फोटो उघडून डिटेल्समध्ये गेलात की दोन आकडे मध्ये फुली घालून लिहिलेले असतात, ते बघायचे, एमबी त्याच्याच शेजारी असतं, त्याच्याकडं बघायचं नाही.

मग फ्लेक्स कसा छापतात, हा प्रश्न येतोच. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही चौकात जावा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माणसाएवढं डोकं असतं आणि तो फोटो शंभर टक्के व्हॉट्सअ‍ॅपवरनंच आलेला असतो. तो चालतो कारण फ्लेक्स वीस-तीस फुटांवरनं, तेही गाडीवर जाता जाता बघायचा असतो, इंचाला २५-३० ठिपके असले तरी डोळ्याला कळत नाही. कधीतरी जवळ जाऊन बघा, गालावर नुसते डाग. आज्जाची फ्रेम दोन फुटांवरनं बघणार, हळदकुंकू लावताना तर नाक टेकवून. फ्लेक्सचा न्याय तिथं लागू होत नाही.

यातच एक तिसरं भूत आहे, डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे तो आकडा. कुणीतरी सांगतं फोटो ७२ डीपीआय आहे, ३०० करून आणा, मग माणूस कुठल्यातरी वेबसाईटवर जाऊन ३०० करून आणतो. तो आकडा म्हणजे फाईलवर चिकटवलेली चिठ्ठी आहे, नुसती चिठ्ठी बदलली तर पिक्सेल जेवढे होते तेवढेच राहतात. २०१४ मध्ये बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं, म्हणून गणपत गल्ली काय रुंद झाली नाही.

आता माझ्या ७ एमबीकडं येतो. कारण तुम्ही म्हणाल, अ‍ॅपनं नुसतं एमबी नाही, पिक्सेल पण वाढवले असतील की. वाढवलेच होते, ४८०० बाय ६४००. बघताना एकदम चकाचक. मग एमबी खोटं आणि पिक्सेल खरं हे पण पूर्ण खरं नाही राव, पिक्सेल पण खोटे असू शकतात. साधं सॉफ्टवेअर फोटो मोठा करतं तेव्हा शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधला रंग भरत जातं, फोटो फुटत नाही पण पुसट होतो, ते तरी प्रामाणिक. एआयवालं अ‍ॅप तसं करत नाही, ते लाखो चेहरे बघून शिकलेलं असतं आणि जिथं माहिती नाही तिथं अंदाजानं डोळा, दात, कातडी रंगवून टाकतं.

लॅबला पाठवायच्या आधी मी तो आज्जीला दाखवला, सहज, कौतुकानं. तिनं चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"हे कोण रे?"

"आज्जा की."

"ह्यांच्या तोंडावरचे वण कुठं गेले?"

आज्जाला लहानपणी देवी आल्या होत्या. गालावर, नाकाच्या शेंड्यावर बारीक खड्डे होते, आम्हा पोरांना ते दिसायचेसुद्धा नाहीत इतके सवयीचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या दाबादाबीत ते चौकोनांत मिसळून गेले होते, अ‍ॅपला वाटलं ही घाण आहे, त्यानं पुसली आणि वर जाहिरातीतल्या म्हाताऱ्यासारखी गुळगुळीत कातडी चढवली. पानानं फुगलेला गालसुद्धा सपाट करून टाकला होता. बघितल्यावर आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं, तिला एका मिनिटात कळलं.

मग पुण्याच्या चुलतभावाला फोन केला, मूळ फोटो त्याच्याच मोबाईलवर होता. त्यानं पहिल्यांदा परत फोटो म्हणूनच पाठवला, साहजिक आहे, तीच सवय. अँड्रॉइडवर असला फोटो फाईलच्या नावावरनं ओळखता येतो, नावाच्या शेवटी डब्ल्यूए ही दोन अक्षरं आणि पुढं चार आकडे दिसले की समजायचं व्हॉट्सअ‍ॅपनं दाबलेला आहे, मग तो कुणीही "ओरिजिनल आहे" म्हणून शपथेवर पाठवू दे. त्याला सांगितलं, पिनच्या खुणेवर दाब, डॉक्युमेंट निवड, तिथनं फोटो घाल. डॉक्युमेंट म्हणून घातलं की व्हॉट्सअ‍ॅप फाईलला हात लावत नाही, जशी आहे तशी येते, कॅमेऱ्यानं दिलेल्या नावासकट. २०२३ पासून पाठवताना एचडी निवडायची सोय आलीय, ती साध्यापेक्षा कितीतरी बरी, छोट्या प्रिंटला चालेल, पण दाबणं त्यातही होतंच, तेव्हा डॉक्युमेंट ते डॉक्युमेंट. ड्राईव्हची लिंक, ईमेल, पेनड्राईव्ह, कशानंही चालतं. फक्त मध्ये कुणी एकानं जरी फोटो म्हणून फॉरवर्ड केला की संपलं, पुढं मग डॉक्युमेंट करून पाठवलं तरी गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

मूळ फोटो आला, ४.१ एमबी. म्हणजे माझ्या अ‍ॅपवाल्या ७ एमबीपेक्षा कमीच! पण मोठा करून बघितला तर नाकाच्या शेंड्यावरचे वण एकेक मोजता येत होते.

तरी एक अडचण राहिलीच. फोटोत आज्जा एकटे असले तरी आजूबाजूला मांडव, खुर्च्या, कुणाचा तरी हात, ते सगळं कापून छातीपर्यंतचा भाग घेतला तर उरले १५०० बाय १८७५. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यातनं तेवढाच भाग कापला असता तर ६०० बाय ७५० उरले असते, ही पण एक गोष्ट लोक विसरतात, फोटो १२ मेगापिक्सेलचा असतो, त्यातला माणूस नसतो, ग्रुप फोटोतनं डोकं कापून फ्रेम करायची म्हटलं तर खिशात चिल्लरच उरते. तर १५०० ला १२ इंचानं भागलं, १२५. कमी. ८ बाय १० ला भागलं तर साडे १८७, हे झकास. पण सोप्यातल्या सगळ्या फ्रेमा १२ बाय १५ च्या, आणि काकांचं म्हणणं की ओळीत एकच लहान दिसली तर बरं दिसणार नाही, लोक काय म्हणतील.

त्यावर फ्रेमवाल्यानं उपाय काढला. प्रिंट ८ बाय १० चीच काढायची आणि भोवती माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायचा, दोन्ही बाजूला २ इंच, वर-खाली अडीच, बाहेरनं माप बरोबर १२ बाय १५. वर म्हणाला, माउंट असला की फोटो काचेला टेकत नाही, नाहीतर आपल्या बेळगावच्या पावसात चार वर्षांत फोटो काचेला चिकटून बसतो, काढायला गेलं की तोंडाचा पापुद्राच निघतो. हे पणजीच्या फोटोचं झालंय आमच्याकडं, त्यामुळं कुणी वाद घातला नाही.

वाद झाला तो माउंटच्या रंगावर, काकांना लाल पाहिजे होता, चुलतभावाला काळा, शेवटी आज्जीनं हस्तिदंती दाखवला आणि विषय मिटला. मग फ्रेमवाल्यानं विचारलं काच साधी घालू की मॅट, मॅटमध्ये उजेड चमकत नाही, पण बारीक काम जरा पुसट दिसतं. आज्जीनं विचारलं, "कशात वण दिसतात?"

साधी घातली.