मलिदा बेने इस्राएलांचा आणि मलिदा मुसलमानांचा

बडोद्यात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची (ज्यूंची), घरं मोजकीच. त्यांच्याकडे नवस फेडायचा असला, नव्या घरात जायचं असलं किंवा लग्न ठरलं की मलिदा होतो. शेजारच्या मुसलमान घरातही मलिदा होतोच, फातेहाला (गेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेला), उरुसाला, मोहरमला. बोलावणं गेलं की दोन्हीकडे वाटतं, आपलाच पदार्थ. ताट समोर आलं की कळतं, तसं नाही.

मुसलमानी मलिदा गव्हाचा. जाडसर रोट्या गरम असतानाच कुस्करायच्या, त्यात तूप आणि गूळ किंवा साखर. आपल्या पोळीच्या लाडवाचा सख्खा भाऊ. बेने इस्राएलांचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती फळं. फळ खाण्याआधी त्याचा आशीर्वाद म्हणायचा, झाडाच्या फळांचा वेगळा, जमिनीतल्या पिकांचा वेगळा. केळं झाडाच्या फळांत धरत नाहीत, त्याचा आशीर्वाद जमिनीतल्या पिकाचा.

कोणासाठी, हाही फरक आहे. फातेहाचं पुण्य पिराला किंवा घरातल्या गेलेल्या माणसाला पोचावं, ही भावना. (देवबंदी या मुसलमान पंथाच्या वळणाच्या घरांना हे मान्य नाही, तिथे फातेहाचा मलिदा होतच नाही.) बेने इस्राएलांकडे आठवण एलियाहू हनाबी या संदेष्ट्याची, आणि तो मेलाच नाही, अग्निरथातून सदेह वर गेला. जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा उमटल्या, असं हे लोक मानतात. हाच संदेष्टा कुराणात इलियास म्हणून येतो. त्यामुळे मुसलमान पाहुण्याला प्रार्थनेत नाव ऐकून परकं वाटायचं कारण नाही.

पण माझ्या मते एकमेकांकडे ताट पाठवताना खरा फरक पडतो तो तुपाचा. यहुदी नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मटण खाल्ल्यावर दुधातुपाच्या पदार्थासाठी काही तास थांबायचं. म्हणून तर त्यांच्या रस्स्यात आणि हलव्यात नारळाचं दूध असतं. पोह्यांच्या मलिद्यात तूप नाही, तो मटणानंतरही बिनघोर चालतो. मुसलमान शेजारणीचा तुपाने थबथबलेला मलिदा मात्र कडक पाळणाऱ्या घरी मटणाच्या जेवणावर कोणी खाणार नाही. तिने रुसू नये, सकाळीच पाठवावा.

उलट दिशेने अडचण जवळपास नाहीच. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, प्याल्यातही बेने इस्राएलांकडे दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून काढलेलं सरबत असतं, ते मुसलमान पाहुणाही पिऊ शकतो.

यहुद्यांच्या वल्हांडण सणाचे आठ दिवस तेवढे लक्षात ठेवायचे. रोटीसारखा गव्हाचा पदार्थ तेव्हा खाणं सोडाच, घरात ठेवतही नाहीत. त्या आठवड्यात शेजारी पाठवायचंच असेल तर खजूर पाठवावा.