विंडोज ११ आणि कोकणातले जुने कॉम्प्युटर: पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि श्रीवर्धनपासून देवगडपर्यंत दुरुस्तीवाल्यांकडे एकच विचारणा सुरू झाली: "आमच्या पीसीवर अकरा टाकून मिळेल का?" कॉम्प्युटर चालू होतो, बिलं निघतात, मुलांचे अर्ज भरले जातात, मग बदलायचं कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण अनेक चालू पीसींवर अकरा बसतच नाही. हा पेच कसा तयार झाला ते कळायला पंचवीसेक वर्षं मागे जावं लागतं.

कोकणातल्या बऱ्याच घरांत पहिला कॉम्प्युटर मुंबईहून आला. चाकरमान्याने नवा घेतला की जुना गणपतीला गावी यायचा. त्यामुळे यंत्र आलं तेव्हाच काही वर्षं मागचं असे, आणि त्यावर जे असेल तेच वापरायचं. बहुतेक ठिकाणी ते विंडोज एक्सपी होतं. २००१ साली आलेल्या एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाला, तरी ते चालतच राहिलं. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसच्या हल्ल्याने यातला धोका जगाला दाखवला. ज्या फटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेले सापडले. एक्सपीसाठी तर हल्ला झाल्यावर खास दुरुस्ती काढावी लागली. सपोर्ट संपणं म्हणजे अशा दुरुस्त्या येणं थांबणं. बँकेचा व्यवहार ज्या यंत्रावर होतो तिथे ही गोष्ट अजिबात किरकोळ नाही.

मराठीची गोष्ट मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एक्सपीत युनिकोड मराठी, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारी अक्षरं, होतं, पण ते कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून चालू करावं लागे. मुंबईहून आलेल्या यंत्राबरोबर सीडी क्वचितच असे. म्हणून लोक इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणाऱ्या शिवाजी, श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टांत टाइप करत राहिले. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ती खटपट संपली, पण जुन्या फाइली तशाच राहिल्या. आंब्याच्या पेटीवर चिकटवायच्या लेबलांची फाइल आजही एखाद्या बागायतदाराकडे अशा फॉन्टात असते. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला की फॉन्टही जातो, आणि फाइल उघडल्यावर 'हापूस'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. म्हणून फोटोंच्या आधी फॉन्टच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

२०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा सात आणि आठवाल्यांना ते वर्षभर मोफत होतं. काही जीबींचं डाउनलोड इथल्या नेटवर जड गेलं, पण सात चालणाऱ्या यंत्रावर दहाही साधारण चालत असे. पुढे जुन्या हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवली की जुना पीसीही झकास पळायचा.

अकराने हे गणित मोडलं. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या या आवृत्तीला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तेवढं जमवता येतं. अडतं ते टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि प्रोसेसरची पिढी यांवर. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि ती पिढी २०१७ ची. मुंबईहून आलेले कित्येक पीसी तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आहेत. शिवाय अकराची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे जुने डॉसवरचे हिशेबाचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत आणि ज्याला चालवणारा ६४ बिट ड्रायव्हर निघालाच नाही तो प्रिंटर बाद.

प्रोसेसर नवा असेल तर मात्र घाईने यंत्र टाकून देऊ नका. टीपीएम अनेकदा असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत, बंद असतं. तिथे खारी हवा आणि वीज आड येतात. बायोसची छोटी बॅटरी उतरली आणि वीज गेली की काही मदरबोर्डांवर चालू केलेली सेटिंगं पुसली जातात, घड्याळही मागे जातं. पावसाळ्यात रॅमच्या टोकांवर थर चढतो; ती काढून खोडरबराने हलकेच घासली की बंद पडलेला पीसी पुष्कळदा उठतो. अपग्रेडला हात घालण्याआधी बॅटरी बदलणं आणि रॅम साफ करणं ही दोन कामं करावीत आणि यूपीएस जोडावा.

चिपळूणची स्थिती थोडी वेगळी. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या दुकानांत, घरांत पाणी शिरलं. पुरानंतर ज्यांनी नवीन पीसी घेतले त्यांचं यंत्र अकराला बहुधा चालेल.

बाकीच्यांसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली आहे. अट चुकवून अकरा टाकून देणारे भेटतात, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जुन्या पीसीला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चांगली चालते. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्सही आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या ठरावीक कीबोर्ड मांडणीवर हात बसलेल्यांना मराठी टायपिंग नव्याने शिकावं लागत नाही. मिंट पेनड्राइव्हवरून थेट चालवून बघता येतं, तेव्हा काहीही पुसण्याआधी वायफाय, प्रिंटर आणि मराठी या तीन गोष्टी तपासून घ्या.