बेटावरील ऐतिहासिक दीपगृहाची भेट

बेटावरचे जुने दीपगृह पाहायला निघालेल्यांची सहल बहुधा मनोऱ्यात नव्हे, धक्क्यापाशी फसते. किनाऱ्यावर वारा पडलेला असला तरी दूरच्या वादळाने उठलेल्या लांब लाटा बेटाच्या धक्क्याशी नावेला वरखाली करत राहतात. अशा वेळी नाखवा नाव माघारी वळवतो. त्याच्याशी वाद घालू नये. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालचे वेळापत्रक आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर ओहोटीचे पाणी इतके खाली जाते की पुष्कळ धक्क्यांशी नाव लागत नाही. फ्रान्समधील जिरोंद नदीमुखावरच्या कोर्दुआन दीपगृहाचे (1611) गणित उलटे आहे. त्याचा खडक भरतीत बुडतो, म्हणून ओहोटी साधूनच जायचे आणि शेवटचा टप्पा पाण्यावाळूतून चालायचा.

नाव लाटेच्या माथ्यावर असताना धक्क्यावर पाऊल टाकावे. ती वर येत असताना टाकल्यास पाय चेंगरू शकतो. हात मोकळे, सामान पाठीवर.

गोल जिन्याच्या मधल्या पोकळीत पूर्वी जड वजन लोंबत असे. ते खाली सरकताना वरचे भिंग फिरे, आणि रक्षकांना रात्रीतून अनेकदा ते वर गुंडाळावे लागे. जिना संपला की खडी शिडी. उतरतानाही तोंड शिडीकडेच ठेवावे.

दीपकक्षातले फ्रेनेल भिंग, म्हणजे काचेच्या लोलकांची कडी रचून केलेले, दिव्याचा प्रकाश दूर फेकणारे भिंग, हे या भेटीचे खरे फळ. अशा प्रकारचे पहिले भिंग 1823 मध्ये कोर्दुआनलाच बसले. पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या, भिंगाचे नाभीय अंतर (दिव्यापासून काचेपर्यंतचे अंतर) 920 मिमी, म्हणजे माणूस आत उभा राहू शकतो. दिवसा त्याभोवती पडदे असतात, कारण दिव्याचा प्रकाश बाहेर फेकणारे भिंग ऊन मात्र आत एकवटते. त्याने दिवा खराब होतो, आगही लागू शकते. छायाचित्रासाठी पडदा सारू नये. काचेलाही हात लावू नये: तेलकट ठसे उरतात आणि लोलक धरणारे जुने लुकण ठिसूळ झालेले असते. काही भिंगे पाऱ्यावर तरंगतात. कित्येक टनांचा भार बोटाने फिरतो, पण पाऱ्याची वाफ विषारी असल्याने अशा बंद खोलीत रेंगाळू नये.

समुद्रसपाटीपासून 40 मीटर उंचीच्या सज्जातून क्षितिज सुमारे 22 किमीवर असते. तिथे वारा खालच्यापेक्षा बराच जोरात असतो. टोपी आणि चष्मा आधीच काढून ठेवावेत.