जबड्याचं ऑपरेशन आणि भाकरीचा पापुद्रा

माझी भाची यावलची, आता 20 वर्षांची आहे. तिचा खालचा जबडा लहानपणापासून पुढे. पण जेवताना कोणाच्या लक्षातच यायचं नाही, कारण आपल्या खान्देशात भरीत असो की शेवभाजी, भाकरी हाताने मोडायची, चुरायची, की झालं. पंचाईत व्हायची ती पेरू नाहीतर मक्याचं कणीस हातात आलं की. समोरचे वरचे-खालचे दात एकमेकांवर येतच नव्हते, मग ती कणीस दाण्या-दाण्याने सोलून खायची आणि आम्हाला वाटायचं पोरीला तशीच आवड आहे.

घरचे म्हणायचे तारा लावू, होईल सरळ. पण तारेने दात सरकतात, जबड्याचं हाड जागचं हलत नाही. वाढत्या वयात काही उपकरणांनी वाढीला थोडं वळण देता येतं, म्हणून लहानपणीच ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्याला, दाखवलेलं बरं. एकदा वाढ संपली आणि फरक मोठा असला की मग ऑपरेशन, त्याला ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात. घाई मात्र करायची नाही, मुलींमध्ये साधारण 16-17 आणि मुलांमध्ये 18-20 पर्यंत थांबतात, नाहीतर ऑपरेशननंतरही खालचा जबडा वाढत राहतो आणि सगळी मेहनत वाया.

तारा तरीही लागतातच, ऑपरेशनच्या आधी बऱ्याचदा वर्ष-दीड वर्ष. आणि या काळात चेहरा आणखी बिघडल्यासारखा दिसतो. ताईने तर घाबरून फोन केला होता. कारण असं की जबडे चुकीच्या जागी असले तरी दात वाकून-झुकून एकमेकांना गाठायचा प्रयत्न करत असतात, तारा त्यांना आधी आपापल्या हाडावर सरळ उभं करतात, मग लपलेला फरक पूर्ण उघडा पडतो. तो मोजूनच सर्जन ठरवतो किती मिलिमीटर सरकवायचं.

आता खरी कमाल. खालचा जबडा मागे घ्यायचा तर हाड आडवं तोडत नाहीत. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, तसं दोन्ही बाजूंना दाढांच्या मागे हाड उभं चिरून त्याचे दोन पदर वेगळे करतात आणि एक पदर दुसऱ्यावरून सरकवतात. पदरांचा एकमेकांना भरपूर स्पर्श राहतो म्हणून हाड छान जुळतं. ही पद्धत ह्युगो ओब्वेगेझर यांनी 1957 मध्ये मांडली. वरच्या जबड्याचा काप जिथून घेतात त्याला ले फोर्ट वन म्हणतात, रने ले फोर्ट या फ्रेंच सर्जनने 1901 मध्ये कवट्यांवर आघात करून चेहऱ्याचं हाड नेमकं कुठून तुटतं ते पाहिलं होतं, त्याच रेषेवर आज सर्जन मुद्दाम काप घेतात. जवळपास सगळं काम तोंडाच्या आतून होतं, त्यामुळे गालावर टाके दिसत नाहीत. पूर्वी दात तारेने बांधून आठवडेच्या आठवडे तोंड बंद ठेवायचे, आता टायटॅनियमच्या छोट्या प्लेट आणि स्क्रू हाड धरून ठेवतात.

पण त्या दोन पदरांच्या मधूनच खालच्या ओठाची नस जाते, ती दुखावते. बहुतेकांना काही आठवडे-महिने ओठ आणि हनुवटी बधिर राहते, काहींना थोडी कायमचीच, हे डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगायला हवं आणि आपणही विचारायला हवं.

भाचीच्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस सगळं पातळ. घरात केळीला काय तोटा, ताई केळी-दूध गाळून सिरिंजने पाजायची. हनुवटीवरून ओघळ गेला तरी पोरीला कळायचं नाही, म्हणून उशाशी छोटा आरसा ठेवला होता. दीड-दोन महिन्यांनी मऊ भाकरी दुधात कुस्करून सुरू झाली, कणीस मात्र डॉक्टरांनी अजून काही महिने लांबच ठेवायला सांगितलंय.