वैद्यकीय गोपनीयता

उपचारांच्या निमित्ताने रुग्णाविषयी जी माहिती वैद्याला, रुग्णालयाला किंवा त्यांच्या वतीने काम करणाऱ्या कोणालाही कळते, ती रुग्णाच्या संमतीवाचून अथवा कायद्याच्या आधारावाचून इतरांना न सांगण्याच्या कर्तव्यास वैद्यकीय गोपनीयता असे म्हणतात. रोगनिदान, तपासण्यांचे निष्कर्ष आणि औषधयोजना ही तिची उघड अंगे होत. परंतु अमुक व्यक्ती अमुक विभागात आली होती, तिने भेटीची वेळ घेतली होती किंवा तिचे बिल थकले आहे, ही माहितीही याच कक्षेत येते. नोंदणी, दूरध्वनी, देयके, विम्याचे दावे आणि अभिलेख सांभाळणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा संबंध प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या माहितीशी येतो. प्राचीन शपथांत त्यांचा उल्लेख नाही. आधुनिक कायद्याने मात्र त्यांना या कर्तव्यात स्पष्टपणे सामील करून घेतले आहे.

या कर्तव्याचा सर्वांत परिचित प्राचीन आधार म्हणजे ग्रीक वैद्य हिपॉक्रटीझ याच्या नावाने ओळखली जाणारी शपथ होय. तिचा काळ आणि कर्तृत्व या दोन्हींबाबत अभ्यासकांत एकमत नाही. ती सामान्यतः इ. स. पू. पाचवे ते चौथे शतक या दरम्यानची मानली जाते. तथापि तिचा उल्लेख इ. स. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याच्या लेखनात येतो, आणि तिच्या संहितेचे उपलब्ध पपायरस-खंड त्याहूनही नंतरचे आहेत. वैद्यकाचे इतिहासकार लुटविख एडेलश्टाइन यांनी १९४३ मध्ये ही शपथ पायथॅगोरसच्या अनुयायांमधून आली असावी, असे मत मांडले. कोणालाही विष न देण्याचे आणि गर्भपाताचे साधन न पुरवण्याचे वचन त्या काळच्या ग्रीक वैद्यकाच्या सर्वसाधारण व्यवहाराशी जुळत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. तशी मते पायथॅगोरसपंथापुरती मर्यादित नव्हती, असा आक्षेप घेऊन पुढील अनेक अभ्यासकांनी हे प्रतिपादन स्वीकारलेले नाही. गोपनीयतेच्या वचनापुरते पाहिले तर या उपपत्तीची गरजही भासत नाही, कारण लोकांच्या घरात शिरून उपचार करणाऱ्या कोणत्याही वैद्याला असे वचन व्यवसायाच्या दृष्टीनेच आवश्यक होते.

त्या वचनाचा आशय असा की, उपचारांच्या वेळी किंवा उपचारांबाहेरही लोकांच्या जीवनाविषयी जे दिसेल अथवा कानी पडेल आणि जे बाहेर बोलले जाऊ नये, ते वैद्य गुपित मानून स्वतःपाशी ठेवील. ‘जे बाहेर बोलले जाऊ नये’ या उपवाक्याचे दोन अर्थ लावले जातात. एका अर्थानुसार काही गोष्टी सांगण्याजोग्या असतात आणि काही नसतात, व हा निवाडा वैद्याने करायचा असतो. दुसऱ्या अर्थानुसार उपचारांत कळलेले सारेच मुळात न सांगण्याजोगे ठरते. वाक्याची रचना पहिल्या अर्थाला अधिक अनुकूल दिसते, आणि पुढच्या काळातील कायदाही त्याच वाटेने गेला आहे. ‘उपचारांबाहेरही’ हे शब्द मात्र पुष्कळदा दुर्लक्षिले जातात. नोंदणी-खिडकीवर बसलेल्या व्यक्तीला कळणारी बहुतेक माहिती नेमकी याच स्वरूपाची असते.

भारतीय परंपरेत *चरकसंहिते*च्या विमानस्थान या विभागातील आठव्या अध्यायात आचार्याने शिष्याला द्यावयाच्या उपदेशात हाच विषय येतो. ‘न चातुरकुलप्रवृत्तयो बहिर्निश्चारयितव्याः’, म्हणजे रुग्णाच्या कुटुंबातील घडामोडी बाहेर जाऊ देऊ नयेत, असे तेथे सांगितले आहे. संहितेचे सध्याचे रूप अनेक थरांचे आहे. तिचा गाभा इसवी सनाच्या आरंभीच्या एक-दोन शतकांच्या आसपासचा असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. दृढबल या नंतरच्या संपादकाने पूर्ण केलेल्या भागांत विमानस्थानाचा समावेश होत नसल्याने हा उपदेश जुन्या थरातील मानण्यास हरकत नाही. त्यालाच लागून आलेला दुसरा नियम वेगळा आहे : रुग्णाचे आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असले, तरी ते सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला धक्का बसेल अशा ठिकाणी ते बोलू नये. या दोन नियमांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिला नियम माहिती घराबाहेर जाण्याविरुद्ध आहे, तर दुसरा प्रसंगी खुद्द रुग्णापासूनही ती राखून ठेवतो आणि रुग्णाला सारे समजावून मगच संमती घ्यावी या आजच्या माहितीपूर्ण संमतीच्या तत्त्वाशी तो सरळ जुळत नाही. शिवाय पहिल्या नियमात जपले जाते ते कुळाचे गुपित. कुळातल्याच माणसापासून रुग्णाचे गुपित राखावे काय, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. आजच्या दवाखान्यात मात्र तोच सर्वाधिक वेळा उपस्थित होतो.

नीतीचे कर्तव्य आणि न्यायालयात मौन पाळण्याचा विशेषाधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १७७६ मध्ये इंग्लंडच्या उमराव सभेपुढे चाललेल्या किंग्स्टनच्या डचेसवरील, पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्याच्या खटल्यात स्पष्ट झाले. शस्त्रवैद्य सीझर हॉकिन्स यांना विश्वासाने कळलेली माहिती साक्षीत सांगणे भाग आहे काय, असा प्रश्न निघाला. आपण होऊन गुपित फोडणारा शस्त्रवैद्य सन्मानाला मुकेल, पण न्यायालयाने विचारल्यावर उत्तर देण्यात दोष नाही, असा निर्णय न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिला. इंग्लिश कायद्याची परंपरा चालवणाऱ्या देशांत ही भूमिका दीर्घकाळ टिकली. भारतातही वकिलाला साक्षीच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते वैद्याला नाही. न्यूयॉर्क राज्याने मात्र १८२८ मध्ये कायदा करून वैद्याला असा विशेषाधिकार दिला.

युरोप खंडावर गोपनीयता थेट दंडविधानात आली. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमाने वैद्य, शस्त्रवैद्य, औषधविक्रेते, सुईणी आणि ‘आपल्या स्थानामुळे वा व्यवसायामुळे ज्यांच्यापाशी गुपिते सोपवली जातात अशा इतर सर्व व्यक्ती’ यांना गुपित फोडल्याबद्दल एक ते सहा महिने कारावास आणि शंभर ते पाचशे फ्रँक दंड ठरवला. १८७१ च्या जर्मन दंडसंहितेने ३०० व्या कलमात वैद्यांबरोबर त्यांच्या साहाय्यकांचाही नावानिशी उल्लेख केला. सध्याचे २०३ वे कलम त्याचेच वारसदार आहे. कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या कर्तव्याचा इतिहास लिहिताना पुष्कळदा विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या संगणकीकरणापासून सुरुवात केली जाते. तथापि वरील दोन कलमे पाहता हा आरंभ निदान १८७१ इतका मागे न्यावा लागतो.

अमेरिकेच्या १९९६ च्या आरोग्यविमा कायद्यान्वये झालेले गोपनीयता नियम या दृष्टीने सर्वांत तपशीलवार आहेत. त्यांत कर्मचारिवर्गाची व्याख्या करताना स्वयंसेवक व प्रशिक्षणार्थी यांचाही समावेश केला असून वेतन मिळते की नाही, हा निकष गैरलागू ठरवला आहे. युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या विदा-संरक्षण (डेटा-संरक्षण) नियमावलीत आरोग्यविषयक माहिती विशेष वर्गात मोडते. भारतात वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम, मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही यांविषयीचे २०१७ चे कायदे आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा-संरक्षण कायदा यांत हा विषय विखुरलेला आहे. यांखेरीज बहुतेक देशांत कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावरही येते. त्यामुळे कर्मचाऱ्याची स्वतःची जबाबदारी संपते असे मात्र नाही.

व्यवहारात या कर्तव्याचे मर्म ‘आवश्यक तेवढेच’ या तत्त्वात आहे. विम्याचा दावा भरणाऱ्याला त्या उपचारापुरते कागद लागतात, रुग्णाची संपूर्ण फाइल नव्हे. शेजारी राहणाऱ्या ओळखीच्या माणसाचा रिपोर्ट केवळ उत्सुकतेपोटी उघडून पाहणे हा भंगच आहे, मग तो कोणाला सांगितलेला असो वा नसो. संगणकीय प्रणालीत कोणी कोणती नोंद केव्हा उघडली याची नोंद राहते, म्हणून दुसऱ्याच्या पासवर्डने काम करणे हे दोघांच्याही अंगाशी येऊ शकते. उलट, प्रतीक्षागृहात नाव पुकारणे किंवा येणाऱ्यांची वही ठेवणे हे अमेरिकी नियमांतही निषिद्ध नाही. त्या वहीत ‘कशासाठी आलात’ असा रकाना नसावा, इतकीच अपेक्षा आहे.

दूरध्वनीवरचा एक साधा प्रसंग येथे उदाहरणादाखल घेता येतो. ‘मी त्यांचा भाऊ बोलतोय, रिपोर्ट आला का?’ असे कोणी विचारतो. ‘रिपोर्ट आलाय, पण तो डॉक्टरच सांगतील’ हे उत्तर सावध वाटते. प्रत्यक्षात त्यातून रुग्ण येथे येतो आणि त्याची तपासणी झाली आहे, या दोन गोष्टी उघड होतात. बोलणारा खरोखर भाऊ आहे काय, हे ठाऊक नाही; आणि तो भाऊ असला तरी रुग्णाने त्याला कळवण्यास संमती दिली आहे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून कोणाची माहिती कोणाला द्यायची याची परवानगी नोंदणीच्या वेळीच लेखी घेणे, आणि ती नसल्यास ‘कोणत्याही रुग्णाविषयी फोनवर माहिती देता येत नाही’ असे एकच उत्तर सर्वांना देणे इष्ट मानले जाते. काळजीत पडलेल्या नातेवाइकाला हे उत्तर कठोर वाटते, आणि ते देताना स्वरात मार्दव असणे हा या कामातील खरा कौशल्याचा भाग आहे. रिपोर्टचा अर्थ सांगणे हे तर, विचारणारा स्वतः रुग्ण असला तरी, कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या अधिकाराबाहेरचेच आहे.

गोपनीयता रुग्णाविरुद्ध वापरता येत नाही. स्वतःच्या नोंदी मागण्याचा त्याचा हक्क बहुतेक व्यवस्थांनी मान्य केला आहे : भारतातील २००२ च्या विनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत, अमेरिकी नियमांनुसार साधारणतः ३० दिवसांत आणि युरोपीय नियमावलीनुसार एका महिन्यात. नोंदीत चूक आढळल्यास कागदावरील मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारून दुरुस्ती, तारीख आणि सही करावी, असा संकेत आहे. खाडाखोड किंवा पांढऱ्या शाईचा वापर पुढे न्यायालयात संशयास जागा देतो.

गोपनीयतेला अपवाद आहेत. सूचनीय, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, रोगांची खबर देणे, बालकावरील अत्याचाराची माहिती कळवणे आणि न्यायालयाचा आदेश पाळणे हे सर्वमान्य अपवाद होत. तिसऱ्या व्यक्तीला असलेल्या धोक्याबाबत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तारासॉफ प्रकरणात दिलेला निर्णय प्रसिद्ध आहे : रुग्णाकडून एखाद्याला गंभीर धोका असल्याचे मानसोपचारकाला कळले, तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका रुग्णाची एचआयव्हीबाधा उघड केल्याच्या प्रकरणात, नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क लक्षात घेता भंग झाला नाही, असे ठरवले. त्या निकालातील विवाहाच्या हक्काविषयीची विधाने मात्र पुढे न्यायालयानेच अनावश्यक ठरवली. अपवाद लागू होतो की नाही, हे ठरवण्याचे काम कार्यालयीन कर्मचाऱ्याचे नव्हे. पोलीस किंवा वकील समोर आले, तरी त्यांच्याकडील कागद स्वीकारून, त्याची नोंद करून तो जबाबदार वैद्याकडे किंवा विधी-सल्लागाराकडे पाठवणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. रुग्णांची माहिती कशी हाताळावी याविषयीच्या ब्रिटनमधील कॅल्डिकॉट तत्त्वांत २०१३ मध्ये घातलेली भर या संदर्भात लक्षणीय आहे. रुग्णाच्या हितासाठी माहिती देण्याचे कर्तव्यही ती राखण्याइतकेच महत्त्वाचे असू शकते, असे ती मान्य करते.

मृत्यूनंतरच्या गोपनीयतेबाबत कायद्यांत एकवाक्यता नाही. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९४८ च्या जिनीव्हा घोषणेत, म्हणजे वैद्यांच्या आधुनिक शपथेत, ‘रुग्णाच्या मृत्यूनंतरही’ हे शब्द १९६८ मध्ये घालण्यात आले; युरोपीय नियमावली मात्र मृत व्यक्तींना लागू होत नाही.

भंग झाल्यास तो लपवणे हा अनेक ठिकाणी स्वतंत्र दोष ठरतो. युरोपीय नियमावलीनुसार व्यक्तींना धोका संभवत असल्यास, भंग लक्षात आल्यापासून शक्यतो ७२ तासांत पर्यवेक्षी प्राधिकरणास कळवावे लागते. अमेरिकी नियमांत रुग्णाला कळवण्याची कमाल मर्यादा ६० दिवसांची आहे. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या पाकिटात गेला, हे बहुधा प्रथम खिडकीवरील कर्मचाऱ्यालाच कळते. त्याने ते त्याच दिवशी वरिष्ठांना कळवले, तरच संस्थेला कागद परत मिळवण्यास आणि ही मुदत पाळण्यास अवधी मिळतो.